फोंड्यातला चार रविवारांचा सर्किट क्लास: पैसे वसूल, फक्त बॅटरी आपली न्या

मुलगी दहावीला, इलेक्ट्रिसिटीचा धडा तोंडपाठ, व्ही इज इक्वल टू आयआर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल, पण परवा घरातली टॉर्च पेटेना तेव्हा सेल मेलाय की स्विच गेलाय हे ना तिला कळलं ना मला. म्हणून जूनमध्ये दोघांनी मिळून हा विजेची सर्किटं हाताने जोडून शिकायचा क्लास लावला. चार रविवार, अडीच तास, माणशी १२०० रुपये, किट तिथेच वापरायचं, घरी न्यायला मिळत नाही.

फळा जवळपास नाहीच. बसल्या बसल्या हातात ब्रेडबोर्ड (भोकांत वायरी खुपसून सर्किट जोडायची पाटी), ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, करंट अडवणाऱ्या रेझिस्टरांची पुडी आणि व्होल्ट, करंट, ओहम मोजणारा तो पिवळा डीटी-८३० टाइपचा मीटर, बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतो तोच. पहिलं काम काय तर तपकिरी-काळा-लाल-सोनेरी पट्ट्यांचे दहा रेझिस्टर मोजून वहीत लिहा. सगळे १ किलो-ओहमचे, पण बरोब्बर हजार एकही दाखवीना, ९८३, ९९१, १०१२ असलंच काहीतरी. सोनेरी पट्टी म्हणजे ५ टक्के इकडेतिकडे, हे पाठ होतं हो, पण बघितलं त्या दिवशी. मग १ मेगाचा (म्हणजे दहा लाख ओहमचा) घेतला तर माझं रीडिंग भलतंच कमी, कारण मी दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरलेली, पावसाळ्यात हात घामेजलेले, म्हणजे माझं अंगच रेझिस्टरला पॅरलल, करंटला बाजूची दुसरी वाट म्हणून, जोडलं गेलं होतं! मुलगी हसून हसून बेजार.

खरी मजा दुसऱ्या रविवारी. दोन १ किलोचे सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, प्रत्येकावर साडेचार व्होल्ट, झकास. मग सर म्हणाले आता तेच १ मेगाचे लावून करा. हिशोब तोच ना, अर्धं-अर्धं? मीटरवर ३. दुसऱ्यावर मोजलं, तिथेही ३. बॅटरीवर मात्र ९. म्हणजे उरलेले ३ व्होल्ट गेले कुठे? सगळ्यांवरचे व्होल्ट मिळून बॅटरीइतकेच भरतात हा किरचॉफने १८४५ मध्ये मांडलेला नियम आम्ही फोंड्यात बसून मोडला की काय असं झालं. "बाबा, तुमची वायर लूज असणार" म्हणून वायरी बदलल्या, बॅटरी बदलली, शेजारच्या टेबलावरचा मीटर आणला, तरी ३च. सर आपले चहा पीत बसलेले, तोंड उघडेनात, मला तर रागच यायला लागला होता. वीसेक मिनिटांनी एवढंच म्हणाले, "मीटर लावलात म्हणजे तिथे अजून एक रेझिस्टर लावलात, तो धरलात का हिशोबात?" ह्या स्वस्त मीटरच्या आतच १ मेगा असतो, तो आपल्या १ मेगाला पॅरलल गेला की झाला अर्धा मेगा, दुसरीकडे पूर्ण एक, म्हणून ९चा तिसरा हिस्सा. हे पोरीने स्वतः कागदावर मांडलं, मी नुसता बघत होतो. मग सरांनी कपाटातून १० मेगावाला मीटर काढून दिला, त्यावर ४.३ च्या जवळपास आलं. तेही साडेचार नाहीच, आणि का नाही हे तिने न विचारता सांगितलं.

आता तक्रारी. बॅटऱ्या जुन्या, नुसत्या मोजल्या तर ९ दाखवतात आणि जरा लोड दिला की बसतात, त्यातूनही शिकता येतं म्हणा पण प्रत्येक वेळी नको. काही ब्रेडबोर्डांची भोकं सैल झालीत. तिसऱ्या रविवारी करंट मोजताना कोणीतरी (बरं, मीच) मीटर सिरीजमध्ये लावायचा सोडून सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावला, फ्यूज उडाला आणि दुसरा फ्यूज तिथे नाहीच, मग उरलेला वेळ दोन टेबलांत एक मीटर. क्लास चालवायचा तर दहा फ्यूज डब्यात नकोत? शिकवणं मराठी-कोंकणी मिसळून, एकदम सोपं, पण छापील कागद सगळे इंग्रजीत. लाइट दोनदा गेली, काम बॅटरीवर असल्याने अडलं नाही, नुसतं उकडलं. गाडी लावायला जागा शून्य, बसनेच जा.

पाचपैकी चार देईन. पुढची बॅच चवथीनंतर (गणेश चतुर्थीनंतर) आहे म्हणे.

चवथीवरून आठवलं, गेल्या वर्षीची माटोळीखालची (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती चौकट) बारा व्होल्टची एलईडी पट्टी आम्ही टाकायला काढली होती. मुलीने प्रोब घेऊन मोजत मोजत नेलं तर बारा व्होल्ट शेवटपर्यंत नीट येत होते, मधला तीन एलईडींचा एकच तुकडा मेलेला. तो कापून पट्टी परत जोडायचीय, पण डाग द्यायला आम्हाला दोघांनाही येत नाही, सोल्डरिंग ह्या क्लासात नाही.