सॉफ्टवेअर विकण्याच्या दोन नोकऱ्या: आधी स्टार्टअप, मग मोठी कंपनी

सॉफ्टवेअर विक्रीत मला 8 वर्षं झाली. पहिली 3 एका स्टार्टअपमध्ये, पुढची 5 एका जुन्या, मोठ्या कंपनीत. दोन्हीकडे विकायचं होतं गोदामातला साठा सांभाळणारं सॉफ्टवेअरच, म्हणून तुलना करता येते.

स्टार्टअपमध्ये मी रुजू झाले तेव्हा दरपत्रकच नव्हतं. पहिल्या ग्राहकाने दर विचारला, तेव्हा ‘उद्या लेखी पाठवते’ म्हणाले आणि संध्याकाळी संस्थापकांबरोबर बसून तो ठरवला. लीड, म्हणजे घेण्याची शक्यता असलेला ग्राहक, शोधायची मीच, डेमो मीच द्यायचा, सही झाल्यावर ग्राहकाच्या माणसांना शिकवायलाही मीच. प्रत्येक बैठकीत एक प्रश्न ठरलेला: ‘दोन वर्षांनी तुम्ही असाल का?’ एका खरेदीप्रमुखांनी तो तीन बैठकांत विचारला. शेवटी आम्ही सोर्स कोड एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाईताकडे, ठेवायचं कबूल केलं. आम्ही बंद पडलो तर कोड त्यांना मिळेल, असं करारात लिहिलं आणि सही झाली. त्याच ग्राहकाची सुरक्षेची प्रश्नावली 200 प्रश्नांच्या वर होती. आमचा इंजिनिअर रात्री 11 पर्यंत माझ्या शेजारी बसून उत्तरं सांगत होता. त्यांना हवा असलेला एक रिपोर्ट त्याने 9 दिवसांत बनवून दिला. मोठ्या कंपनीत 5 वर्षांत माझ्या कुठल्याच ग्राहकाला इतक्या लवकर काही मिळालं नाही.

टार्गेटचं मात्र अजून सलतं. गुंतवणूकदारांना सांगितलेला आकडा विक्री करणाऱ्या आम्हा तिघांत सरळ भागून दिला होता. आदल्या वर्षीची विक्री किती, एक डील व्हायला किती महिने लागतात, हे कुणी पाहिलंच नाही. तिघांपैकी एकाचंही टार्गेट पूर्ण झालं नाही, आणि पगाराचा निम्मा भाग त्यावरच अवलंबून होता. पगाराशिवाय कंपनीने देऊ केलेले शेअर्स 4 वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्काचे होणार होते, पहिलं वर्ष भरेपर्यंत काहीच नाही. मी सोडलं तेव्हा तीन चतुर्थांश माझ्या हक्काचे होते. पण ते 90 दिवसांत पैसे भरून विकत घ्यायचे होते. तेवढी रक्कम हाताशी नव्हती, सगळे सोडून दिले.

मोठ्या कंपनीत नुसतं नाव सांगितलं की भेटीची वेळ मिळते. 6 आठवडे प्रशिक्षण मिळालं. मेडिक (MEDDIC) ही विक्रीची पद्धत तिथे शिकले. ती 1990च्या दशकात पीटीसी या सॉफ्टवेअर कंपनीत तयार झाली. पैसे मंजूर कोण करणार, निर्णय कुठल्या पायऱ्यांनी होणार, आपण खोलीत नसताना आपली बाजू कोण मांडणार, हे आधी शोधायचं. डेमो सगळ्यांना आवडूनही स्टार्टअपमधल्या काही डील का बुडाल्या, ते मला इथे कळलं. यासाठी ही नोकरी कुणालाही सांगेन.

पण इथे निम्मी विक्री आपल्याच माणसांना करावी लागते. ठरलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त सवलत द्यायची तर आधी डील डेस्क, म्हणजे सवलती आणि अटी तपासणारा विभाग, मग फायनान्स, मग लीगल, सगळ्यांची मंजुरी लागते. एकदा ग्राहक सहीला तयार होता, आमच्याच लीगलने एका कलमावर 18 दिवस घेतले. तोवर त्यांचं बजेटचं वर्ष संपलं आणि डील गेली. सात महिन्यांचं काम होतं ते. शिवाय नव्या वर्षात टेरिटरी, म्हणजे प्रत्येकाला वाटून दिलेले ग्राहक, बदलते. मी जमवलेले दोन चांगले ग्राहक असेच दुसऱ्याकडे गेले.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी मोठ्या कंपनीत दोन वर्षं काढावीत. स्टार्टअपची ऑफर आली तर गेल्या वर्षी किती जणांनी टार्गेट गाठलं, ते विचारा आणि आकडाच मागा. संस्थापकांनी स्वतः किती ग्राहक आणले, तेही विचारा. सोडून गेल्यावर शेअर्स घ्यायला किती मुदत, ते लेखी घ्या.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा एका स्टार्टअपमध्ये जातेय. तिथले पहिले 14 ग्राहक संस्थापकांनी स्वतः आणलेत. होकार देण्याआधी त्यातल्या दोघांशी मी फोनवर बोलले.