दापोली की वाई? निवृत्तीनंतरचं घर ठरवण्याआधी

मुंबई सोडून गावाकडे सरकायचं ठरवलेली बरीच माणसं शेवटी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: सह्याद्रीच्या अलीकडे की पलीकडे? माझं घर दापोली तालुक्यातलं आणि आजोळ वाईचं, त्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो. दोन्ही गावं टुमदार, दोन्हीकडे बाजार, डॉक्टर, एसटी. सरळ रेषेत अंतर जेमतेम ऐंशी किलोमीटर. तरी हवेच्या बाबतीत ती दोन वेगळ्या मुलखांत आहेत, आणि म्हातारपणी रोजचा दिवस कसा जाईल हे तिथली हवाच ठरवते.

पाऊस

दापोलीत वर्षाला साधारण ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. समुद्रावरून येणारे ढग डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि रिते होत जातात. महाबळेश्वरला तर साडेपाच हजारांच्या पुढे आकडा जातो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की तेच ढग बरेचसे सरलेले असतात, आणि वर्षाची बेरीज हजाराच्या आत राहते. वाईत जुलै म्हणजे गार वारा, भुरभुर आणि मधूनच ऊन. दापोलीत जुलै म्हणजे आठ-आठ दिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, चपलांवर बुरशी, मिठाला पाणी.

कोकणातलं घर पावसाळ्याशी जमवून घेत घडलं आहे. जांभ्याचं जोतं, उतरतं कौलारू छप्पर, भिंतींना झड लागू नये म्हणून पुढे-मागे पडवी आणि वर बांधलेली नारळीची झापं. चुलीचा धूर वाशांना लागत राही, त्यामुळे कीड दूर राहायची आणि लाकूड कोरडं राहायचं. आज आपण तिथे स्लॅबचा बंगला बांधतो आणि चार वर्षांत गळती लागली म्हणून वर पत्र्याची शेड घालतो. ती शेड पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. आणि पावसाळ्यात घर बंद ठेवून मुलांकडे राहायला जायचा बेत असेल, तर कोकणात घर बांधूच नका, असं मी स्पष्ट सांगेन. वारा न खेळलेलं घर तिथे एका पावसाळ्यात खराब होतं. गाद्या, पुस्तकं, लाकडी कपाटं, सगळं.

वाईत ही धास्ती नाही, पण काळ्या मातीची जमीन घेत असाल तर पाया नीट तपासून घ्या. ती माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि भिंतींना तडे देते. नदीकाठच्या जागेचंही तेच. धोम धरणातून पाणी सुटलं की कृष्णेचे घाट बुडतात. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे, ती पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणूनच. जिथे देवळालाही पुराचा विचार करावा लागला, तिथे आपण प्लॉट घेताना जुन्या माणसांना पाण्याची खूण विचारायला काय हरकत आहे?

उन्हाळा, घाम आणि पाणी

इथे मुंबईकर हमखास फसतात. मे महिन्यात दापोलीचा पारा सहसा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो, वाईचा ३७-३८ पर्यंत चढतो. आकडे पाहून माणूस दापोली निवडतो. पण शरीर थंड होतं ते घाम उडून गेल्यावर, आणि दमट हवेत तो उडतच नाही. वाईत दुपारी दारं-खिडक्या लावून पडलात की निभावतं आणि रात्री अंगावर चादर घ्यावीशी वाटते. दापोलीत वीज गेली की रात्रीसुद्धा जीव मेटाकुटीला येतो. गाव थोड्या उंचीवर असल्यामुळे किनाऱ्यापेक्षा बरं, इतकंच.

आणि पाणी! साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, हे मला आजही सलतं. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र. पडलेलं पाणी पऱ्ह्यांतून धावत समुद्राला मिळतं. जागा पाहायला गेलात तर विहिरीत मेअखेर किती हात पाणी उरतं ते विचारा. डिसेंबरात सगळ्याच विहिरी भरलेल्या दिसतात. वाई कमी पावसाची असूनही डोंगरातला पाऊस धरणात साठतो, त्यामुळे गावात ही ओढ क्वचितच जाणवते.

संकटाच्या दिवशी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली आणि मंडणगड भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, छपरं उडाली, कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. वाईपर्यंत वादळाचा असा तडाखा पोचत नाही. मात्र जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत वाई तालुक्याच्या पश्चिम भागातही दरडी कोसळल्या. म्हणून वाई म्हणताना मी गाव आणि पूर्वेचा सपाट भाग धरते, पश्चिमेच्या जोर गावाकडचा डोंगर नव्हे.

मग कोणी कुठे?

दमा, संधिवात असेल किंवा दोघंच राहणार असाल, तर वाई. हृदयाचा त्रास असेल तर आणखी एक गोष्ट पाहा: वाईहून पुणं दोन-अडीच तासांवर आणि रस्ता बाराही महिने चालू. दापोलीहून मोठ्या इस्पितळासाठी भर पावसात घाटरस्ते पार करावे लागतात.

दापोली त्यांच्यासाठी, ज्यांची वाडीत माणसं आहेत, जे बारा महिने तिथेच राहणार आहेत, ज्यांना आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करायचा कंटाळा नाही. पावसाच्या आवाजात झोप लागणारी माणसं असतात, त्यांना वाई कोरडी वाटेल. माझे वडील त्यातलेच.

आईच्या दम्यामुळे आम्ही वाईत भाड्याने घर घेतलं. तिचा पंप आता आठवडेच्या आठवडे कपाटात पडून असतो. वडील मात्र मिरग जवळ आला की दापोलीला जातात, कौलं चाळून घेतात, झापं बांधतात आणि पहिला पाऊस पडवीत बसून पाहिल्यावरच परत येतात.