दहा आठवड्यांत स्वाहिली आणि खडू : पीस कोअरचं टांझानियातलं शिक्षक-प्रशिक्षण

आधी अटी. पीस कोअर ही १९६१ पासूनची अमेरिकी सरकारची स्वयंसेवक योजना आहे. वय किमान १८ आणि अमेरिकी नागरिकत्व हवंच, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर दार बंद. एकूण मुदत २७ महिने, त्यातले पहिले तीनेक प्रशिक्षणाचे. फी नाही. तरीही दुसऱ्या मुलखात जाऊन शिकवायचं असेल त्यानं ही पद्धत जवळून पाहावी.

भाषेची बाजू दमदार आहे. प्रशिक्षणार्थी गावातल्या कुटुंबात राहतो, दिवसा चार-पाच जणांच्या गटात स्थानिक शिक्षकाकडे शिकतो आणि संध्याकाळी तेच चुलीपाशी वापरतो. घात होतो तो मधल्या सुट्टीत : सगळे आपसात इंग्रजीवर येतात आणि सकाळचं शिकलेलं तिथेच सांडतं.

मराठी माणसाला स्वाहिलीत ओळखीचं बरंच सापडेल. गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी', विम्याला 'बीमा'. पण आपल्याकडे क्रियापद शेपटाकडे बदलतं, इथे तोंडाकडे : 'निनासोमा' मी वाचतोय, 'निलिसोमा' मी वाचलं, 'नितासोमा' मी वाचेन. विशेषणही नामाचं डोकं घालून येतं : 'किताबू किझुरी' चांगलं पुस्तक, 'विताबू विझुरी' चांगली पुस्तकं. नामांचे असे वर्ग बरेच आहेत. तक्ता पाठ करण्यापेक्षा प्रत्येक नाम विशेषणासकट घोकलेलं बरं. आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर. 'बाराबारा' म्हणजे रस्ता. त्याच शब्दात आघात एक अक्षर आधी आला की अर्थ आपला 'बरोबर'!

घड्याळाचा घोळ मात्र पहिल्याच दिवशी मिटवावा. दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात : 'सा मोजा', म्हणजे शब्दशः एक वाजला, ते आपले सकाळचे सात. 'सा नाने'ला बैठक म्हटली की दुपारचे दोन. आठ ऐकणारा सकाळीच जाऊन बसतो. सहा मिळवा किंवा सहा वजा करा, झालं.

कमी पडतं ते वेळेत आणि परीक्षेत. रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तरी दहा आठवड्यांत २४० तास भरतात. अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषा-संस्था कामकाजाइतक्या स्वाहिलीसाठी ३६ आठवडे, म्हणजे सुमारे ९०० तास धरते. शेवटची चाचणी मुलाखतीची : बोलणारा अडखळेपर्यंत प्रश्न अवघड करत नेतात आणि प्राथमिक, मध्यम, प्रगत अशी पायरी ठरवतात. चाचणी संभाषणाची, म्हणून तयारीही संभाषणाकडेच झुकते. बाजारहाट जमतो, फळ्यासमोर शब्द सापडत नाहीत.

आणि टांझानियात तिथेच खरी गरज आहे. सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते, माध्यमिकला माध्यम एकदम इंग्रजी होतं. गणित-विज्ञानाचा स्वयंसेवक उभा राहतो तो बरोबर या सांध्यावर. 'जुमलिशा' बेरीज करा, 'तोआ' वजा करा, 'झिदिशा' गुणा, 'गावान्या' भागा : हे चार शब्द पहिल्या आठवड्यातच हवेत. प्रकाशसंश्लेषणाला 'उसानिसिनुरू' म्हणतात हे नंतर कळलं तरी चालेल. 'म्मेएलेवा?' म्हणजे समजलं का, असं विचारलं की अख्खा वर्ग 'न्दियो' म्हणतो. त्या होकारावर पुढे जाऊ नये. एका मुलाला फळ्यापाशी बोलवून तीच पायरी स्वाहिलीत सांगायला लावावी. मूल कुठे अडलं ते कळतं, शिवाय आपल्याला हवा तो शब्द त्याच्याच तोंडून मिळतो.

पाचपैकी भाषेला साडेचार, वर्गातल्या भाषेला तीन. सराव-पाठांच्या काळात रोजच्या पाठातले दहा शब्द भाषा-शिक्षकाकडून आदल्या संध्याकाळी मागून घेतले, तर दुसरा आकडा चारवर जायला हरकत नाही.