कार्डाविना पीसी: ५६००जी, आय३-१२१०० की ८६००जी?

इनबिल्ट ग्राफिक्सचा (म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग चिपमध्येच असलेला) स्वस्त प्रोसेसर घ्यायचा असेल तर कोणता घ्यायचा हे नंतर ठरवू. वर्षभरात ग्राफिक्स कार्ड बसवणार आहात का, ते आधी ठरवा. ‘सध्या भागवू, मग बघू’ असं उत्तर येत असेल तर मी ते ‘हो’च धरतो, आणि हो असेल तर एएमडीच्या ‘जी’वाल्या, म्हणजे इनबिल्ट ग्राफिक्सवर भर असलेल्या, चिप्सपासून लांब राहिलेलं बरं.

चांगलं ग्राफिक्स त्याच चिपवर बसवायचं म्हणजे दुसरीकडे कुठेतरी काटछाट होते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० (यात ग्राफिक्स नाही) आणि ५६००जी ही नावं जुळ्या भावंडांसारखी वाटतात. दोन्हींत ६ कोअर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), दोन्ही झेन ३ या एकाच पिढीचे. पण ५६०० मध्ये एल३ कॅश (चिपवरची झटपट मेमरी) ३२ एमबी, तर ५६००जी मध्ये १६ एमबी. शिवाय ५६०० ला पीसीआय एक्सप्रेस (कार्ड जोडण्याचा मार्ग) ४.० मिळतं, ५६००जी ३.० वरच थांबतो. कार्ड नसताना यातलं काहीच जाणवत नाही. कार्ड बसवलं की गेममध्ये ५६०० पुढे जातो आणि जे इनबिल्ट ग्राफिक्स पैसे मोजून घेतलं ते नुसतं पडून राहतं.

कार्ड खरंच घ्यायचं नाही, किंवा निदान दोन-तीन वर्षं तरी नाही, असं पक्कं असेल तर पुढे वाचा. माझ्या मते खरी निवड तिघांतच आहे: इंटेल कोअर आय३-१२१००, रायझन ५ ५६००जी आणि रायझन ५ ८६००जी.

गेम खेळायचेच नसतील तर

इथे फार खल करायची गरज नाही, आय३-१२१०० घ्या. कोअर चारच आहेत (८ थ्रेड), पण एकेका कोअरचा वेग ५६००जीपेक्षा जास्त आहे. ब्राउझर, एक्सेल, अकाउंटिंग, ऑनलाइन मीटिंग या कामांत तोच वेग हाताला जाणवतो. त्यातलं यूएचडी ७३० ग्राफिक्स गेमसाठी कच्चं असलं तरी व्हिडिओसाठी पक्कं आहे. एव्ही१ हा नवा व्हिडिओ फॉरमॅट ते हार्डवेअरमध्येच उलगडतं. ५६००जीच्या वेगा (एएमडीच्या जुन्या पिढीच्या) ग्राफिक्सला ते जमत नाही, तिथे सगळा भार कोअरवर येतो. व्हिडिओ चालतो, पण पंखाही चालतो!

एडिटिंग करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आजकालचे बरेच कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांची जास्त माहिती असलेला व्हिडिओ फॉरमॅट) फुटेज देतात. इंटेलचं क्विक सिंक (ग्राफिक्समधला व्हिडिओसाठीचा भाग) ते थेट डिकोड करतं, म्हणजे उलगडतं, एएमडीच्या या दोन्ही चिप्स करत नाहीत. टाइमलाइन पुढेमागे सरकवताना हा फरक लगेच कळतो. तुमचं काम हेच असेल तर सहा कोअर असलेला आय५-१२४०० पाहा. त्यात ग्राफिक्स तेच यूएचडी ७३० आहे.

गेम खेळायचे असतील तर प्रोसेसरआधी रॅम

इनबिल्ट ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. प्रोसेसर ज्या रॅमवर काम करतो तीच रॅम ग्राफिक्सही वापरतं, आणि ती रॅम ग्राफिक्सच्या मानाने फार हळू असते. हिशोब सोपा आहे. डीडीआर४-३२०० (रॅमची पिढी आणि वेग) ची एक स्टिक, म्हणजे रॅमची एक पट्टी, सेकंदाला २५.६ जीबी डेटा पुरवते; दोन स्टिक दोन चॅनलवर, म्हणजे दोन वेगळ्या वाटांवर, लावल्या की ५१.२. डीडीआर५-६००० च्या दोन स्टिक ९६ पर्यंत जातात. आता जीटीएक्स १६५० सारखं जुनं, साधं कार्ड घ्या. त्याच्या जीडीडीआर५ मेमरीची बँडविड्थ (डेटा पुरवण्याचा वेग) सेकंदाला १२८ जीबी आहे आणि त्यात प्रोसेसरला वाटा द्यावा लागत नाही.

म्हणून १६ जीबीची एकच स्टिक लावलेला ५६००जी म्हणजे अर्धवट ५६००जी. तयार पीसीच्या जाहिरातीत ‘१६ जीबी रॅम’ एवढंच लिहिलेलं असतं, स्टिक एक की दोन हे गुलदस्त्यात. ‘दुसरी नंतर टाकू’ हा सल्ला ऑफिसच्या पीसीला चालेल, इथे नाही. पहिल्या दिवसापासून ८-८ च्या दोन हव्यात. एकूण ८ जीबीत तर भागतच नाही, कारण त्यातली जीबी-दोन जीबी ग्राफिक्ससाठी राखून ठेवली जाते.

पीसी हाती आला की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ पुढे १ दिसला तर एकच स्टिक आहे. ‘स्पीड’ पुढे २४०० किंवा २६६६ दिसत असेल आणि स्टिकवर ३२०० छापलेलं असेल, तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करायचं राहिलंय. ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ हा आकडा मोठा दिसला तर घाबरू नका, ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेली रॅम तीच. बोर्डावर चार स्लॉट असतील तर दोन स्टिक शेजारी-शेजारी लावायच्या नाहीत. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट धरतात. डीडीआर५ वाल्यांना एक सूचना: या रॅमच्या एकाच स्टिकमध्ये ३२-बिटचे दोन उपचॅनल असतात. त्यामुळे माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘२’ दिसला म्हणजे ड्युअल चॅनल झालं असं नाही. स्टिक मोजा.

ग्राफिक्सच्या नुसत्या आकड्यावर का जाऊ नये, हेही यातूनच कळतं. जुन्या रायझन ५ ३४००जीमध्ये वेगा ११ होतं, ५६००जीमध्ये वेगा ७ आहे (आकडा म्हणजे कॉम्प्युट युनिट, ग्राफिक्सचं गणित करणारे भाग). कागदावर ११ मोठे, तरी गेममध्ये ५६००जी मागे पडत नाही. घड्याळाचा वेग जास्त, कोअर नवे, रॅमही जास्त वेगाची चालते. तीच गत ८७००जीची. त्यात १२ कॉम्प्युट युनिट आहेत, ८६००जीमध्ये ८. म्हणजे दीडपट, पण फ्रेम (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) काही दीडपट मिळत नाहीत, कारण रॅमचा दरवाजा दोघांना तेवढाच रुंद. ८७००जीचे जास्तीचे दोन कोअर खरंच लागत असतील तरच तो घ्यावा, केवळ ग्राफिक्ससाठी नाही.

५६००जी की ८६००जी

५६००जी ऑगस्ट २०२१ मध्ये बाजारात आला, ८६००जी जानेवारी २०२४ च्या शेवटी. ग्राफिक्समध्ये ८६००जीचं रेडिऑन ७६०एम सरळसरळ वरचढ आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जीटीए ५ यांसारखे गेम कमी सेटिंगवर १०८०पी मध्ये ५६००जीवरही खेळता येतात. नवे, जड गेम मात्र त्याला ७२०पी वर उतरवूनही दमवतात. ८६००जी तिथे अजून तग धरून असतो, आणि एव्ही१ व्हिडिओ उलगडणं आणि तयार करणं (डिकोडिंग-एन्कोडिंग) दोन्ही करतो.

पण एकट्या चिपची किंमत तोलून उपयोग नाही. ८६००जीला एएम५ मदरबोर्ड (एएम५ हे प्रोसेसर बसवायच्या सॉकेटचं नाव; ५६००जीचं जुनं सॉकेट एएम४) आणि डीडीआर५ रॅम लागते, रॅमही शक्यतो ६००० ची. बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्हींची बेरीज करा. ती बेरीज ‘५६०० अधिक वापरलेलं साधं कार्ड’ यापेक्षा जास्त होत असेल, तर केवळ गेमसाठी ८६००जी घेण्यात मला अर्थ दिसत नाही. त्याची जागा छोट्या केसमध्ये आहे, जिथे कार्ड मावत नाही किंवा कमी वीज आणि शांतता हवी असते. शिवाय एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. एएम४ चं तसं नाही, तिथे ५६००जी हा जवळजवळ शेवटचा थांबा. वेगा ग्राफिक्सचे ड्रायव्हरही २०२३ पासून फक्त आवश्यक दुरुस्त्यांपुरते येतात.

तरीही घरात एएम४ बोर्ड आणि डीडीआर४ रॅम आधीच असेल, तर ५६००जीच घ्यावा, डोळे झाकून. हो, डोळे झाकण्याआधी बोर्डाच्या साइटवर त्याचं नाव आणि कोणतं बायोस लागतं तेवढं बघा. जुन्या बी४५० बोर्डाला अपडेट लागू शकतो, आणि तो जुना प्रोसेसर काढण्याआधी करायचा असतो.

८५००जी मला पटत नाही. चारच कॉम्प्युट युनिट, सहा कोअरपैकी चार कमी वेगाचे झेन ४सी (छोट्या आकाराचे कोअर), आणि नंतर कार्ड लावलंत तर त्याला पीसीआयच्या चारच लेन (डेटाच्या वाटा). एएम५ चा खर्च करून ग्राफिक्स मिळतं ते ५६००जीच्या आसपासचं.

ऑर्डर देताना अक्षरं नीट वाचा. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर ग्राफिक्स नाही. म्हणजे आय३-१२१००एफ घेतला तर बोर्डावरचं एचडीएमआय पोर्ट शोभेचं. रायझन ५ ५५०० ची चिप ५६००जीच्याच घराण्यातली, पण तिचं ग्राफिक्स बंद केलेलं. ७६०० मध्ये ग्राफिक्स आहे, मात्र दोनच कॉम्प्युट युनिटचं: डेस्कटॉप आणि व्हिडिओला पुरेसं, गेमला नाही. ५६००जीटी हा ५६००जीचाच थोडा वेगवान भाऊ, दोघांत जो स्वस्त मिळेल तो घ्या. वापरलेला २२००जी कितीही स्वस्तात मिळाला तरी नको. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो नाही, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स वापरणार असाल तर गोष्ट वेगळी.