पिट्सबर्ग की रॅले? आधी गाडीचं ठरवा, मग घराचं

हातात अमेरिकेतल्या दोन ऑफर आहेत, एक पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गची आणि एक नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलेची, पगार जवळपास सारखाच. सोलापुरात जुळे सोलापूर असो की पूर्व भाग, घरात पहिली चौकशी थंडीची होते. थंडीचं नंतर बघू. पहिल्या सहा महिन्यांत गाडी घेणार की नाही, यावर निम्मा निर्णय होऊन जातो.

पिट्सबर्गमध्ये गाडीवाचून राहता येतं, फक्त घर ओकलंड, शेडीसाइड किंवा स्क्विरल हिल या पट्ट्यात हवं. ६१ आणि ७१ क्रमांकाच्या बस याच भागातून डाउनटाउनला जातात, विमानतळाची २८एक्सही ओकलंडमधून मिळते. कार्नेगी मेलन आणि पिट (युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग) या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्र दाखवलं की बसचं तिकीट पडत नाही. रस्ते मात्र चढउतारांचे. बीचव्ह्यू भागातल्या कॅन्टन अव्हेन्यूचा चढ ३७ टक्के आहे आणि काही ठिकाणी ‘रस्ता’ म्हणजे चक्क सार्वजनिक जिना असतो. नकाशावर पाच मिनिटांचं दिसणारं अंतर बर्फात हातात किराणा घेऊन काय होईल, याचा विचार घर ठरवण्याआधी करा. आपल्याकडच्या सपाटीवर वाढलेल्यांच्या हे पटकन लक्षात येत नाही.

रॅलेची गंमत अशी की ‘रॅलेची नोकरी’ पुष्कळदा रॅलेत नसतेच. ऑफिस असतं रिसर्च ट्रँगल पार्कात. १९५९ मध्ये सुरू झालेला हा टापू रॅले, डरहम आणि चॅपल हिल यांच्या मधे पसरला आहे. आपली मंडळी त्याच्या शेजारच्या कॅरी आणि मॉरिसव्हिलमध्ये जास्त राहतात. मेट्रो नाही. बस आहेत, पण त्यांच्या भरवशावर ऑफिस, शाळा आणि किराणा तिन्ही सांभाळणं अवघड. नवरा-बायको दोघं नोकरी करणार असतील तर दोन गाड्या धरूनच बजेट मांडा.

आता कर. एकट्या माणसाचा वर्षाचा पगार १,००,००० डॉलर धरू. पेनसिल्व्हेनियाचा राज्य कर सरसकट ३.०७ टक्के, त्यात आपल्या ओळखीची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून मिळणारी सरसकट वजावट, नाही. पिट्सबर्ग शहराच्या हद्दीत राहिलात तर शहर आणि शाळा मिळून आणखी ३ टक्के. झाले ६,०७० डॉलर. नॉर्थ कॅरोलिनात २०२६ पासून ३.९९ टक्के, तेही १२,७५० डॉलर वजा करून, म्हणजे सुमारे ३,४८० डॉलर, आणि शहराचा वेगळा आयकर नाही. केंद्राचा कर दोन्हीकडे तोच.

पण पिट्सबर्गच्या हद्दीबाहेर बऱ्याच उपनगरांत तो ३ टक्क्यांचा भाग १ टक्क्याच्या आसपास येतो आणि फरक एकदम आटतो. इथे एक खोच आहे. पत्त्यात ‘पिट्सबर्ग’ लिहिलेलं असलं तरी घर शहराच्या हद्दीत असेलच असं नाही, कारण पोस्टाची हद्द वेगळी आणि पालिकेची वेगळी. नोकरीत रुजू होताना रहिवासाचा फॉर्म भरून घेतात, त्यात पालिका चुकली की वर्षभर चुकीच्या दराने कर कापला जातो आणि विवरणपत्र भरताना फरक निस्तरावा लागतो. घरमालकाला नुसता पत्ता विचारू नका, पालिका कुठली आणि स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) कुठलं तेही विचारा.

खरेदीवरचा कर पिट्सबर्गला ७ टक्के, रॅलेला ७.२५, म्हणजे सारखाच. कपडे आणि किराणा पेनसिल्व्हेनियात करमुक्त, नॉर्थ कॅरोलिनात किराण्यावर २ टक्के. गाडी घेताना उलटं होतं. पिट्सबर्गच्या बाजूला पूर्ण ७ टक्के द्यावे लागतात, नॉर्थ कॅरोलिनात ३ टक्के. मात्र तिथे दरवर्षी नोंदणीच्या नूतनीकरणाबरोबर गाडीवर मालमत्ता कर येतो, आणि नव्या माणसाला ते बिल बघून घाम फुटतो. पिट्सबर्गला जुनी गाडी घ्यायची असेल तर खाली वाकून तळ बघा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्रा खातं, आणि तळाला गंजून भोक पडलं असेल तर वार्षिक तपासणीत गाडी नापास होते.

घर विकत घ्यायचं ठरलं तर दोन्ही शहरांचे धोके अगदी वेगळे. पिट्सबर्गचं घर स्वस्त वाटतं, पण ते शंभर वर्षांचं असू शकतं. नेहमीच्या तपासणीशिवाय तीन गोष्टी करून घ्या. एक, सांडपाण्याच्या नळात कॅमेरा घालून पाहणी. जुने नळ भाजक्या मातीचे असतात, सांध्यांतून झाडांची मुळं शिरतात, आणि घरापासून मुख्य लाइनपर्यंतचा खर्च मालकाच्या गळ्यात पडतो. दोन, तळघरात रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची चाचणी. आकडा ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आला तर पंखा आणि पाइप बसवून वायू छपरावर सोडावा लागतो. विक्रेत्याकडून ते काम करून घ्या किंवा तेवढी किंमत पाडा. तीन, जमिनीखाली कोळशाची जुनी खाण आहे का ते राज्याच्या नकाशावर तपासा. खाण खचून भिंत तडकली तर साधा घरविमा पैसे देत नाही. त्यासाठी राज्य सरकारचाच वेगळा विमा आहे.

मालमत्ता करातही मेख आहे. पिट्सबर्ग ज्या ॲलेगेनी काउंटीत (जिल्ह्यात) येतं, तिथलं घरांचं मूल्यांकन २०१२ च्या पायावर चालतं. घर विकलं गेलं की स्कूल डिस्ट्रिक्ट किंवा पालिका नव्या किमतीचा दाखला देऊन कर वाढवण्यासाठी अपील करू शकते. म्हणून जुन्या मालकाच्या बिलावरून हप्ता काढू नका. शेजाऱ्याचा कर तुमच्यापेक्षा कितीतरी कमी असू शकतो.

रॅलेकडे घरं नवीन आणि मालमत्ता कराचा दर बराच कमी, पण सौद्याची रीत धास्तीची आहे. ऑफर मंजूर झाली की ‘ड्यू डिलिजन्स फी’ थेट विक्रेत्याला द्यायची. व्यवहार पुरा झाला तर ती किमतीत वळती होते. तुम्ही माघार घेतलीत, अगदी तपासणीत घर खराब निघालं म्हणूनही, तर ती गेली. इसार परत मिळेल या सवयीने मोठा आकडा लिहू नका. तपासणीत वाळवी आणि घराच्या फरशीखालच्या पोकळीतली ओल बघायला सांगा.

हवामानावर थोडक्यात. पिट्सबर्गला जानेवारीत रात्री उणे ६-७ अंश असतात, पण माणूस कंटाळतो तो आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या ढगांना. बर्फ उपसून रिकामी केलेली रस्त्यावरची जागा लोक खुर्ची ठेवून राखतात. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालाइतकाच त्या खुर्चीला मान आहे, ती हलवू नका. रॅलेचा जुलै ३२-३३ अंशांचा. मे महिन्यात चाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा सोसणाऱ्या सोलापूरकराला हसू येईल, पण हवा दमट आहे, घाम वाळत नाही आणि आपला कूलर तिथे निरुपयोगी, एसीच लागतो. मार्च-एप्रिलमध्ये पाइनचे पिवळे परागकण गाडीवर थर धरतात. दम्याचा त्रास असेल तर हे आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

मुलं शाळेत जाणारी असतील तर माझा कौल कॅरी-मॉरिसव्हिलला. तरी तिथल्या वेक काउंटीत पत्त्यावरून मिळणाऱ्या शाळेत जागा भरल्या असतील तर नव्या मुलाला दुसरीकडे पाठवतात. भाडेकरार करण्याआधी पत्ता डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाकून शाळा बघा, आणि ती वर्षभर चालणारी आहे का तेही. अशा शाळेत साधारण नऊ आठवडे शाळा आणि तीन आठवडे सुटी असं चक्र असतं. उन्हाळ्यात दोन महिने आजीकडे राहायचा बेत तिथे बसत नाही. एकटा, शिकणारा किंवा नुकता नोकरीला लागलेला असेल तर पिट्सबर्ग.

पूर्व भागातल्या तेलुगू घरांना दोन्हीकडे व्यंकटेश्वर भेटतो. पिट्सबर्गजवळ पेन हिल्सचं मंदिर १९७० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक, आणि कॅरीतही मोठं मंदिर आहे. भारतात थेट विमान कुठूनच नाही. तिकीट काढताना मुंबईबरोबर हैदराबादचेही भाव बघा. लंडनमार्गे एकाच ठिकाणी विमान बदलून तिथे उतरता येतं, आणि पुढचा सोलापूरपर्यंतचा रस्ता मुंबईहून येण्यापेक्षा जवळचा पडतो.