एम्प्लॉयमेंट ऑन्टारिओ : पैसा ओटावाचा, खिडकी प्रांताची

ब्रॅम्प्टन-मिसिसागात लेऑफ झाला की मित्रमंडळी दोनच गोष्टी सांगतात: "ईआय भरून टाक" आणि "एम्प्लॉयमेंट ऑन्टारिओत जाऊन ये". दोन्ही सल्ले बरोबर आहेत. पण ईआय म्हणजे एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स, कॅनडाच्या फेडरल सरकारचा (म्हणजे ओटावाचा) बेकारी विमा, आणि एम्प्लॉयमेंट ऑन्टारिओ म्हणजे प्रांताची नोकरी-प्रशिक्षणाची सेवा. ही दोन वेगळ्या सरकारांची वेगळी दारं आहेत आणि एका दारातली फाइल दुसऱ्या दारात दिसत नाही, हे सहसा कोणी सांगत नाही. या सेवेचं बरंवाईट बरंचसं त्यावर ठरतं, म्हणून आधी तेवढं समजून घेतलेलं बरं.

बेकारी विमा फेडरल सरकारचा. १९४० मध्ये त्यासाठी घटनादुरुस्ती झाली होती. शिक्षण मात्र पहिल्यापासून प्रांतांच्या हाती. नोकरी गेलेल्याला नवं काम शिकवायचं, तर ते नेमकं या दोघांच्या बांधावर येतं. १९९६ च्या एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स कायद्याने तोडगा काढला: पहिल्या भागातला साप्ताहिक भत्ता ओटावाने द्यायचा, दुसऱ्या भागातलं प्रशिक्षण आणि सल्ला करार करून प्रांतांनी चालवायचा. क्वेबेकने १९९७ मध्येच करार केला. ऑन्टारिओत सही व्हायला २००५ उजाडलं आणि प्रत्यक्ष कारभार १ जानेवारी २००७ ला प्रांताकडे आला.

आता करार दोन आहेत आणि तुम्ही कोणत्या खात्यात बसता यावर बरंच ठरतं. लेबर मार्केट डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटचा पैसा ईआयच्या हप्त्यांतून येतो, त्यामुळे त्यातलं प्रशिक्षण विमा असलेल्यांसाठी. वर्कफोर्स डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटचा पैसा सर्वसाधारण तिजोरीतून येतो, त्यात हप्ता कधीच न भरलेलेही बसतात. नुकतेच पीआर (कायमचे रहिवासी) होऊन आलेले बहुतेक जण या दुसऱ्या खात्यातले. एप्रिल २०१८ पासून पहिल्या खात्याचं दार थोडं रुंद झालं आहे: सध्या ईआय चालू नसेल, पण गेल्या पाच वर्षांत क्लेम संपला असेल, किंवा गेल्या दहापैकी किमान पाच वर्षं किमान कमाईवर हप्ता भरला असेल, तरी चालतं. केसवर्कर, म्हणजे केंद्रावर तुमची फाइल सांभाळणारे कर्मचारी, "याआधी ईआय घेतला होता का, कधी संपला?" असं विचारतात ते यासाठी. तारखा लिहूनच न्याव्यात.

एम्प्लॉयमेंट ऑन्टारिओच्या केंद्रावरची पहिली भेट ही या सेवेची जमेची बाजू. सगळं फुकट आहे. संगणक, प्रिंटर आणि नोकऱ्यांची माहिती ठेवलेली खोली कोणालाही वापरता येते, तिथे फाइल उघडावी लागत नाही. केसवर्कर हवा असेल तर सिन (सोशल इन्शुरन्स) नंबर आणि ऑन्टारिओतल्या पत्त्याचा पुरावा लागतो. मग एक लांबलचक प्रश्नावली होते आणि तिच्यावरून ए, बी किंवा सी गट ठरतो. ए म्हणजे थोड्या मदतीत मार्गी लागणारा, सी म्हणजे बराच आधार लागणारा. आपल्याकडच्या मंडळींची इथे एक सवय नडते: मुलाखतीला आल्यासारखं सगळं छान-छान सांगायचं. इंग्रजी उत्तम, गाडी आहे, अडचण काहीच नाही, असं सांगितलंत तर ए गटात जाल आणि मदतही त्या मानाने मिळेल. लहान मूल घरी आहे, कॅनडातला अनुभव शून्य आहे, लायसन्स नाही, हे जसं आहे तसं सांगा. रेझ्युमेवर होणारं काम मात्र खरंच चांगलं असतं. पुण्या-मुंबईची चार पानं दोनवर येतात, फोटो, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव गळतं.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. २०२० पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या व्यवस्थेत प्रत्येक भागासाठी एक व्यवस्थापक संस्था नेमली आहे आणि तिच्या पैशाचा काही भाग निकालावर अवलंबून असतो. माणूस कामाला लागला का, टिकला का, हे ठरावीक महिन्यांनी तपासलं जातं. साहजिकच मिळेल ती नोकरी आधी धरण्याकडे केंद्राचा कल असतो. वेअरहाउसचं काम घ्यायला हरकत नाही, पण ध्येय प्रशिक्षणाचं असेल तर ते पहिल्याच भेटीत बोलून आराखड्यात लिहून घ्यावं.

प्रशिक्षणाची मुख्य योजना बेटर जॉब्स ऑन्टारिओ, म्हणजे जुनी सेकंड करिअर. वर्षभराच्या आतले व्यावसायिक अभ्यासक्रम तीत बसतात. फी, पुस्तकं, प्रवास, पाळणाघर आणि राहणीचा खर्च मिळून २८,००० डॉलर ही बराच काळ चालत आलेली मर्यादा होती. आजचा आकडा अर्जाच्या वेळी विचारून घ्यावा. हातात किती पडेल हे घरातल्या एकूण उत्पन्नावर ठरतं. नवरा किंवा बायको कमावती असेल तर फार मोठ्या आशेवर राहू नये.

अर्ज अडतो तो ठरलेल्या जागी. निवडलेल्या कामाला तुमच्या भागात मागणी आहे, हे जॉब बँक या फेडरल सरकारच्या नोकऱ्यांच्या साइटवरच्या अंदाजावरून आणि चालू जाहिरातींवरून दाखवावं लागतं. "मला आवडतं" हे कारण चालत नाही. वेगवेगळ्या संस्थांचे दर आणि कालावधी शेजारी-शेजारी मांडून तुलना करावी लागते. खाजगी करिअर कॉलेज असेल तर ते आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम, दोन्ही प्रांताकडे नोंदलेले हवेत. कॉलेज नोंदलेलं आणि कोर्स नोंदलेला नाही, असाही प्रकार असतो. कॉलेजच्या काउन्सेलरच्या गोड बोलण्यावर न जाता मंत्रालयाच्या यादीत स्वतः शोधावं. आणि मंजुरीआधी वर्ग सुरू केला तर खर्च मिळत नाही. सीट जाईल या धास्तीने आधीच बसणारे अनेक असतात.

इंजिनिअर, एमबीए मंडळींसाठी थोडं कटू: या योजनेत शिक्षण जास्त असलं की प्राधान्य कमी होतं. पदवी हाताशी असलेल्याने इकडे महिने घालवण्यापेक्षा आपल्या व्यवसायाच्या ब्रिज ट्रेनिंगची (परदेशात शिकलेल्यांना इथल्या कामासाठी तयार करणाऱ्या प्रशिक्षणाची) चौकशी आधी करावी.

आता दोन सरकारांमधला सांधा. सेवेचा सगळ्यात कच्चा भाग हाच, पाचात दोन गुण द्यावेत इतका. ईआय घेणाऱ्याने कामाला तयार असायला हवं असा नियम आहे, म्हणून दिवसभराच्या वर्गाला बसलात तर भत्ता थांबू शकतो. त्यातून वाट काढते कायद्याचं कलम २५: प्रांताने अधिकृतपणे प्रशिक्षणाला पाठवलं असेल, तर शिकत असतानाही भत्ता चालू राहतो. याला रेफरल म्हणतात. रेफरल प्रांत देतो, भत्ता ओटावा देतं, आणि मधल्या निरोपाची काळजी तुम्हालाच घ्यावी लागते. रेफरलची नोंद पोचली का हे केसवर्करला विचारा, मग सर्व्हिस कॅनडाला, म्हणजे ईआय हाताळणाऱ्या फेडरल कार्यालयाला, फोन करून पडताळा. दर पंधरवड्याच्या रिपोर्टमध्ये प्रशिक्षणाच्या प्रश्नाला खरं "हो" लिहा. नोंद नसताना "हो" लिहिलंत तर क्लेम तपासणीत अडकतो. "नाही" लिहिणं त्याहून वाईट, कारण पैसे दंडासकट परत मागितले जाऊ शकतात. नोकरी सोडून शिकायला जायचा विचार असेल तर राजीनाम्याआधी रेफरल हातात हवं. त्याशिवाय सोडलेली नोकरी ही स्वतःहून सोडलेली धरतात आणि ईआय मिळत नाही.

ईआयचा अर्ज शेवटच्या कामाच्या दिवसापासून चार आठवड्यांच्या आत करावा, त्यासाठी रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंटची (काम थांबल्यावर कंपनी देते त्या कागदाची) वाट पाहायची गरज नाही. ते आलं की कारणाचा कोड तेवढा बघावा: ए म्हणजे काम कमी झालं, ई म्हणजे स्वतः सोडली, एम म्हणजे काढून टाकलं. लेऑफ होऊनही ई पडला असेल तर कंपनीकडून लगेच दुरुस्त करून घ्यावा. हाच कागद पुढे प्रांताच्या अर्जालाही लागतो, म्हणजे एक चूक दोन्हीकडे नडते.

दोन सरकारांचं जमत नाही तेव्हा काय होतं हे २०१३ मध्ये दिसलं. ओटावाने प्रांतांना न विचारता बजेटमध्ये कॅनडा जॉब ग्रँट (कंपन्यांना कामगारांच्या प्रशिक्षणासाठी अनुदान) जाहीर केली, प्रांत अडून बसले आणि २०१४ मध्ये अटी बदलल्यावरच गाडी पुढे सरकली. अलीकडे सगळ्या प्रांतांच्या या करारांवरची मिळून ६२ कोटी ५० लाख डॉलरची वार्षिक जादा रक्कम मार्च २०२४ नंतर ओटावाने पुढे चालू ठेवली नाही. सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि प्रशिक्षणाचा निधी त्या वर्षाच्या हिशेबाने वाटला जातो. कागद तयार असतील तर फाइल फेब्रुवारीपर्यंत रेंगाळू न देता वर्षाच्या सुरुवातीलाच आत टाकलेली बरी.