पीएनआर आला म्हणजे तिकीट झालं असं समजू नका

थोडं मोठं लिहिलंय, पण विमानाचं तिकीट काढणार असाल तर पूर्ण वाचा, आणि घरातल्या वयस्कर माणसांसाठी काढत असाल तर नक्कीच वाचा.

ताईचं ऑपरेशन अचानक ठरलं आणि आईला घेऊन मला निघायचं होतं. भाडी तुलना करणाऱ्या साइटवर बघितलं तर सगळ्यात वर जे भाडं दिसत होतं ते विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटपेक्षा बरंच कमी होतं, विकणाऱ्या साइटचं नाव मात्र कधी ऐकलेलं नव्हतं. दोन माणसांचं तिकीट म्हटल्यावर फरक चांगलाच पडत होता म्हणून पुढे गेले. मग प्रत्येक पानावर रक्कम वाढत गेली. शेजारी शेजारी बसायचं तर सीटचे पैसे, चेक-इन बॅगेचे वेगळे पैसे, विम्याची टिक त्यांनीच आधी करून ठेवलेली ती मी शोधून काढली, 'प्रीमियम सपोर्ट' म्हणून काहीतरी होतं तेही काढलं, आणि शेवटी सर्व्हिस फी, जी काढताच येत नाही. शेवटचा आकडा जवळजवळ विमान कंपनीच्या भाड्याएवढाच झाला. तिथेच बंद करायला हवं होतं. पण नावं, जन्मतारखा, सगळं भरण्यात अर्धा तास गेला होता, तिकडे ताईचं टेन्शन, आणि मी कार्डने पैसे भरून टाकले.

लगेच मेल आला, बुकिंग कन्फर्म, खाली सहा अक्षरी पीएनआर. मी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही, तो पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर टाकून बघितला. आईचं नाव, माझं नाव, फ्लाइट नंबर, वेळ, सगळं बरोबर दिसलं. आईला सांगितलं, तिकीट झालं.

झालं नव्हतं, आणि ही एक गोष्ट मला आधी माहीत असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. एजंट, म्हणजे अशी तिकीट विकणारी साइट, सिस्टीममध्ये सीट धरतो तेव्हाच पीएनआर तयार होतो, विमान कंपनीला एक पैसा गेलेला नसला तरी. त्या बुकिंगवर तिकीट काढायची मुदत असते आणि मुदतीत तिकीट निघालं नाही तर सिस्टीम ते आपोआप रद्द करते. तिकीट खरोखर निघालं की त्याला १३ आकडी ई-तिकीट नंबर मिळतो, त्यातले पहिले ३ आकडे विमान कंपनीचा कोड असतात. माझ्या मेलमध्ये तो नंबर नव्हताच, सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'तिकीट प्रोसेसमध्ये आहे' एवढंच होतं आणि ते मी वाचलं नाही. (काही स्वस्तातल्या कंपन्या असा नंबर देत नाहीत, तिथे कंपनीच्या साइटवर पूर्ण पैसे भरलेले दिसतायत का, बाकी रक्कम शून्य आहे का ते बघायचं.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. माणूस अतिशय नम्र, माझं नाव, आईचं नाव, पीएनआर, फ्लाइट नंबर सगळं त्यानेच सांगितलं. म्हणाला, मॅडम, तुमच्या क्लासमधल्या स्वस्त सीट संपल्या, भाडं वाढलंय, फरक भरला नाही तर आज रात्री बुकिंग कॅन्सल होईल. फरक किती, तर मूळ भाड्याच्या निम्मा. आणि कार्डने नको, थेट खात्यात पाठवा म्हणजे लगेच कन्फर्म होईल. मी पाठवले.

मला पटलं कसं याचा नंतर खूप विचार केला. एक तर तो बोलत होता त्यात थोडं तथ्य असतं, एकाच विमानात वेगवेगळ्या भाड्यांचे क्लास असतात, स्वस्तातला संपला की पुढचा महाग लागतो, हे खरंच आहे. पण ते तिकीट निघायच्या आधी. एकदा तिकीट निघालं की नंतर भाडं वाढलं म्हणून कोणी फरक मागत नाही. म्हणजे त्याने फरक मागितला यातच कळायला हवं होतं की पैसे घेऊनसुद्धा यांनी तिकीट काढलेलं नाही. पण त्याहून मोठं कारण म्हणजे आपल्याला सवय लावलीये. २००८ मध्ये इंधन भडकलं तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी पहिल्या चेक-इन बॅगेचे पैसे घ्यायला सुरुवात केली, इंधन नंतर उतरलं, फी तशीच राहिली. आता सीटचे, बॅगेचे, आधी चढायचे, काही ठिकाणी काउंटरवर बोर्डिंग पास छापून घ्यायचेसुद्धा पैसे लागतात. दाखवलेलं भाडं खरं नसतंच हे आपण मनातून मान्य केलेलं असतं. म्हणून कोणी अजून एक रक्कम मागितली की आपण का म्हणून विचारत नाही, किती ते विचारतो. या लोकांचा सगळा धंदा त्यावर चाललाय आणि मला याचा प्रचंड राग आहे.

एअरपोर्टवर आम्ही तीन तास आधी पोचलो. काउंटरवरच्या मुलीने पीएनआर टाकला, परत टाकला, मग आमच्या आयडीवरची नावं टाकून शोधलं. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बोट ठेवून दाखवलं, दोघींची नावं, समोर तिकीट नंबरची जागा रिकामी, आणि खाली बुकिंग रद्द झाल्याची तारीख. मला फोन आला त्याच रात्रीची. आई मागे ट्रॉलीला धरून उभी होती, ती विचारत होती काय झालं, आणि मला तिला सांगता येईना. त्या मुलीची काहीच चूक नव्हती, तिने उलट मदतच केली, पण ऐनवेळचं भाडं ते ऐनवेळचं भाडं, बॅगेचे पैसेही काउंटरवर ऑनलाइनपेक्षा जास्त. भरले आणि गेलो, ऑपरेशनच्या आधी ताईला भेटायचं होतं.

परत आल्यावर त्या साइटचा नंबर शोधायला गेले तर सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात म्हणून एक कस्टमर केअर नंबर आला. तिथल्या माणसाने रिफंडसाठी फोनवर एक अ‍ॅप टाकायला सांगितलं, त्याला माझी स्क्रीन दिसेल असं. फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. विमान कंपनीचा असो की एजंटचा, नंबर सर्चमधून घेऊच नका, त्यांच्या साइटवर स्वतः पत्ता टाइप करून जा आणि तिथूनच घ्या.

पहिले पैसे क्रेडिट कार्डने भरले होते ते परत मिळाले. बँकेत चार्जबॅक टाकला, म्हणजे कार्डने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागितले, पैसे घेतले पण सेवा दिली नाही या कारणाखाली. सोबत त्यांचा मेल, विमान कंपनीकडून मागून घेतलेलं 'या पीएनआरवर तिकीट निघालेलं नाही' असं लेखी उत्तर, आणि नव्या तिकिटाची पावती जोडली. ते लेखी उत्तर फार कामाला आलं, एअरपोर्टवरूनच मागून घ्या, नंतर मेलामेलीत दिवस जातात आणि चार्जबॅकला मुदत असते.

खात्यात पाठवलेली रक्कम मात्र अडकलीये. तिथे चार्जबॅक नसतो, मी स्वतःहून पाठवलेत म्हणून बँकेने हात वर केले, पोलिसांत तक्रार दिलीये, ज्या खात्यात गेले ते दुसऱ्याच दिवशी रिकामं झालेलं निघालं. त्या माणसाचा नंबर आता बंद आहे. साइट अजून चालू आहे, आणि तुलनेच्या यादीत अजूनही सगळ्यात वर दिसते.